बंद पडलेलं वाफेचं शंटिंग इंजिन पुन्हा चालू कसं करायचं : हन्सलेट ऑस्टेरिटी, पहिल्या नटापासून पहिल्या वॉशआउटपर्यंत (म्हणजे बॉयलर आतून धुण्यापर्यंत)

इंजिन खोलायला चार-सहा वीकेंड पुरतात, जोडायला मात्र वर्षं जातात, आणि इंग्लंडातल्या कुठल्याही हेरिटेज रेल्वेच्या (जुनी इंजिनं जपून चालवणारी रेल्वे) मागच्या सायडिंगला चक्कर मारली की याचा पुरावा ताडपत्रीखाली पडलेला दिसतो. चाकं एकीकडे, बॉयलर दुसरीकडे, पाइप कुणाच्या तरी गॅरेजमध्ये आणि ज्याने हौसेने खोललं तो माणूस आता इकडे फिरकत पण नाही. कौशल्य कमी पडतं म्हणून असं होतं असं मला वाटत नाही. बॉयलरची खरी अवस्था कळायच्या आधीच पाना चालवला आणि खोलताना काही लिहून ठेवलं नाही, बहुतेक वेळा ही दोनच कारणं असतात. पैसे संपतात ते पण पहिल्या कारणापायीच.

मी इकडे यॉर्कशायरमध्ये सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये फिटरचं काम करतो, पगार नाही, चहा मिळतो. इकडे आलेल्या बऱ्याच मराठी पोरापोरींना या कामात उतरायचंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. वाचून लगेच बॉयलरला हात घालू नका, दाबाची कामं परवानगी असलेल्या माणसांनीच करायची असतात, पण निदान कोण काय आणि का करतंय ते समजेल.

इंजिन कुठलं

शंटिंगचं इंजिन म्हणजे यार्डात, खाणीत, बंदरावर वाघिणी इकडून तिकडे ढकलणारं. लांबचा पल्ला नाही म्हणून वेगळं टेंडर नाही, कोळसा आणि पाणी सगळं अंगावरच. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच हे काम करणार असाल तर माझं सरळ मत आहे, हन्सलेट ऑस्टेरिटी घ्या. लीड्सच्या हन्सलेट कंपनीने दुसऱ्या महायुद्धात केलेलं हे डिझाइन, सहा चाकं, सगळी जोडलेली, आणि बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली पाण्याची टाकी. 1943 ते 1964 या काळात अशी 485 इंजिनं झाली, त्यातली 377 युद्धखात्यासाठी आणि ती एकट्या हन्सलेटने नाही तर सहा कारखान्यांनी मिळून बांधली. युद्ध संपल्यावर एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न) रेल्वेने 75 विकत घेतली, त्यांना जे94 म्हणतात, बाकीची बरीचशी कोळशाच्या खाणींवर गेली आणि काही तर 1980च्या दशकापर्यंत तिथे राबत होती. त्यामुळेच आज सत्तरच्या आसपास शिल्लक आहेत.

आकडे एकदा पाठ करून टाका, पुढे सारखे लागतात. सिलिंडर दोन, 18 इंच व्यास आणि 26 इंच स्ट्रोक, दोन्ही फ्रेमच्या आत. चाकं 4 फूट 3 इंच. बॉयलरचा दाब 170 पौंड, म्हणजे दर चौरस इंचाला (पुढे पण पौंड म्हणजे हेच). टाकीत 1200 गॅलन पाणी, म्हणजे साधारण साडेपाच हजार लिटर. वजन 48 टनांच्या आसपास.

सत्तर इंजिनं शिल्लक असण्याचा फायदा नुसता भावनिक नाही. ब्रेक ब्लॉक, फायरबार, पिस्टन रिंग असल्या बीडाच्या वस्तूंसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा करायचे नमुने) कुणी ना कुणी आधीच बनवून ठेवलेले असतात, ते उसने मागता येतात, ड्रॉइंगच्या कॉपी मिळतात, आणि एखादी गोष्ट अडली तर ती आधी अडलेला माणूस फोनवर सापडतो. जगात एकच उरलेलं दुर्मिळ इंजिन घेऊन बसलात तर प्रत्येक बोल्टासाठी संशोधन करावं लागेल. ते तिसऱ्या इंजिनाला करा.

आणि हो, बाहेरून चकचकीत रंग मारलेलं इंजिन बघून भुलू नका. आधी रंग आणि मग बॉयलर म्हणजे वरातीमागून घोडं.

पाना हातात घ्यायच्या आधी

पहिलं काम कागद. बॉयलरचा इतिहास शोधा, शेवटचं सर्टिफिकेट कधीचं, शेवटच्या दुरुस्तीत ट्यूब (बॉयलरमधून आगीचा गरम धूर नेणाऱ्या नळ्या) बदलल्या का, फायरबॉक्सला (आग पेटते ती पेटी) कुठे पॅच मारलाय, बॉयलर मूळचाच आहे की दुसऱ्या इंजिनाचा बसवलाय, कारण या इंजिनांचे बॉयलर सर्रास अदलाबदल झालेत. बॉयलरवर नंबर ठोकलेला असतो, तो कागदाशी जुळतोय का बघा.

दुसरं, इन्स्पेक्टर. ब्रिटनमध्ये 2000 सालचे प्रेशर सिस्टिम्सचे नियम आहेत, त्यानुसार लेखी तपासणी योजना नसताना बॉयलर वाफेवर घेताच येत नाही आणि ती योजना सक्षम तज्ज्ञ माणसाकडूनच यावी लागते. हा माणूस सहसा विमा कंपनीच्या मार्फत येतो. लोक त्याला शेवटी बोलावतात, म्हणजे परीक्षकाला पेपर तपासायला बोलावल्यासारखं, मी म्हणतो पहिल्या दिवशी बोलवा. कुठली दुरुस्ती त्याला चालेल, कुठल्या वेल्डरचे कागद लागतील, कुठल्या टप्प्यावर त्याला डोळ्याने बघायचंय हे आधी ठरलं की नंतर केलेलं काम उकरायची वेळ येत नाही. (आपल्याकडे कुणी कारखान्याच्या गेटवर चौथऱ्यावर ठेवलेलं छोटं इंजिन चालू करायचं मनात धरून असेल तर राज्याच्या बाष्पके संचालनालयाचं दार पहिल्यांदा वाजवा, तेच तत्त्व.)

तिसरं, आणि यात मस्करी नाही, ॲसबेस्टॉस. बॉयलर आणि त्यावरचा पातळ पत्रा यांच्यामध्ये उष्णता धरून ठेवायला जे भरलेलं असतं ते जुन्या इंजिनात बऱ्याचदा ॲसबेस्टॉस असतं. पत्र्याचा एक स्क्रू पण काढायच्या आधी नमुना लॅबला पाठवा, निघालं तर परवानाधारक लोकांकडूनच काढून घ्या आणि त्याचा कागद जपून ठेवा. जुन्या जॉइंटच्या पॅकिंगमध्ये पण असू शकतं. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासणं, ग्राइंडर फिरवणं बंद.

मग टॉर्च घेऊन अर्धा दिवस नुसतं बघा. धुराच्या पेटीत म्हणजे स्मोकबॉक्समध्ये तळाला जुनी राख आहे का? राखेत गंधक असतं, चिमणीतून पावसाचं पाणी पडलं की आम्ल तयार होतं आणि ते पुढची ट्यूबप्लेट (ट्यूबची टोकं जिच्यात बसतात ती प्लेट) आणि स्मोकबॉक्सचा तळ खाऊन टाकतं. वीस वर्षं चिमणीवर झाकण न ठेवता उभं असलेलं इंजिन असेल तर हा भाग गेलाच असं धरून चाला. फायरबॉक्समध्ये आत शिरा (आधी हवा खेळती करा, बाहेर एक माणूस उभा ठेवा, एकट्याने कधीच नाही) आणि खालच्या कडेला फाउंडेशन रिंगच्या (फायरबॉक्सच्या आतल्या-बाहेरच्या भिंती तळाशी जोडणारं कडं) वर बघा, तिथे गाळ साचतो आणि प्लेट बारीक होते. टाकीचा तळ बघा, बॉयलरची ऊब आणि आतलं गार पाणी यामुळे तिथे कायम घाम सुटतो, बरेचदा हाताने पत्रा सोलून निघतो.

याच वेळी अल्ट्रासॉनिक मीटरने प्लेटची जाडी मोजून घेता येते. खडूने चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत आकडा लिहायचा, फोटो काढायचा. एवढ्यावर बॉयलरवाल्याकडून अंदाजपत्रक मागवा आणि त्याने सांगितलेल्या रकमेत बरीच भर घालूनच कमिटीला सांगा, कारण ट्यूब काढल्याशिवाय आतलं खरं चित्र कुणालाच दिसत नाही. बॉयलरचं मोठं काम निघालं तर आकडा सहा अंकी पाउंडात सहज जातो. तेवढे पैसे उभे राहतील असं वाटत नसेल तर इथेच थांबा, राख काढा, चिमणीवर झाकण ठेवा, गाडगं भरेपर्यंत इंजिन कोरडं ठेवा. न खोललेलं इंजिन बिघडत नाही फारसं, खोललेलं हरवतं.

खोलताना

नियम एकच, आधी फोटो मग चिठ्ठी मग पाना. प्रत्येक पाइप काढायच्या आधी दोन बाजूंनी फोटो, पत्र्याचा नंबर तारेने बांधायचा, आणि वहीत लिहायचं की कुठून काढला, कुठल्या बाजूचा, किती बोल्ट होते. कागदी लेबल तेलात विरघळतात. डावं-उजवं हे ड्रायव्हर पुढे तोंड करून उभा आहे असं धरूनच लिहायचं आणि ते सगळ्यांनी एकदा ठरवून भिंतीवर लावून टाकायचं, नाहीतर दोघांच्या वह्या जुळत नाहीत. जुन्या फिटरांनी बेअरिंगवर, नटावर छिन्नीने खुणा केलेल्या असतात, वायरब्रशने आधी त्या शोधा, आपल्या नवीन खुणा जुन्यांवर ठोकू नका. फिटिंगचे बोल्ट बऱ्याचदा एकेका भोकासाठी वेगळे टर्न केलेले असतात, म्हणून एका डब्यात सगळे टाकायचे नाहीत.

क्रम साधारण असा जातो: कॅबचा वरचा भाग, मग टाकी क्रेनने, मग बॉयलरवरचा पत्रा, मग कॅबमधली फिटिंग्ज आणि इंजेक्टर (वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा), मग स्मोकबॉक्समधलं ब्लास्टपाइप (सिलिंडरमधली वापरलेली वाफ चिमणीत सोडणारं) आणि मेन स्टीम पाइप. शेवटी बॉयलर. तो पुढे स्मोकबॉक्सच्या बोल्टांनी सिलिंडरवर पक्का असतो आणि मागे फायरबॉक्सला नुसते आधार असतात, तिथे तो पुढेमागे सरकायला मोकळा ठेवलेला असतो, का ते पुढे सांगतो. उचलायच्या वेळी क्रेनवाल्याला वजनाचा हिशोब लेखी द्या, आणि कुठेतरी विसरलेला एक पाइप बॉयलरला धरून बसलेला असतोच, म्हणून इंचभर उचलून थांबा, सगळीकडून फिरून बघा, मग वर घ्या.

चाकं काढायला फ्रेम जॅकवर उचलतात. जेवढं उचलाल तेवढे लगेच खाली लाकडी ठोकळे सरकवत जायचं, फ्रेम कधीही नुसत्या जॅकवर ठेवायची नाही आणि खाली हात तर मुळीच घालायचा नाही.

बॉयलर

खरं इंजिन म्हणजे हाच. बाकी सगळं लोखंड आहे, लेथवर आणि वेल्डिंगने सुधारता येतं.

ट्यूब कापून, ठोकून बाहेर काढल्या की आतला गाळ आणि खडूसारखा थर खरवडून काढायचा, नंतर सगळी प्लेट ब्लास्टिंगने साफ करायची. आता तपासणी खरी सुरू होते. पुढच्या ट्यूबप्लेटचा तळ, फायरबॉक्सच्या प्लेटा जिथे वळवलेल्या असतात तो आतला वळसा (तिथे पाण्याच्या बाजूने बारीक चर पडते, ती डोळ्याला सहज दिसत नाही), वॉशआउट प्लगच्या भोकांच्या कडा, रिव्हेटच्या ओळी. चुंबकीय पावडर किंवा रंगाच्या स्प्रेने चिरा उठून दिसतात.

फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी, मध्ये पाणी. आतली पेटी बाहेरच्या पेटीला शेकडो स्टे बोल्टांनी धरून ठेवलेली असते, नाहीतर 170 पौंडाला सपाट भिंती फुगून फाटतील. हे स्टे तुटतात आणि तुटलेले बाहेरून कळत नाहीत. आमच्याकडचे एक रिटायर्ड बॉयलरवाले आजोबा आहेत, ते फायरबॉक्समध्ये स्टुलावर बसतात, डाव्या हाताचं बोट स्टेच्या डोक्याला टेकवतात आणि उजव्या हाताने छोट्या हातोडीने टक टक करत एकेक ओळ वाजवत जातात. धड स्टे खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो आणि बोटाला वेगळा धक्का देतो. तो सापडला की खडूची फुली. आपल्याला आधी दोन्ही आवाज सारखेच वाटतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला कान तयार व्हायला लागतो. काही स्टेंना मधून बारीक भोक पाडलेलं असतं, तुटला की त्यातून पाणी ठिबकतं, ते भोक रंगाने नाहीतर पुट्टीने बुजलेलं असेल तर आधी मोकळं करून घ्या, कारण बुजलेलं भोक खोटी खात्री देतं.

नवीन स्टे बसवताना जुनं भोक रिमरने साफ करून एक माप मोठा आटा पाडतात, आटा दोन्ही प्लेटांमधून एकाच सलग फिरकीत जायला हवा म्हणून त्यासाठी लांबलचक टॅप लागतो. फायरबॉक्स तांब्याचा असेल तर त्याचं वेल्डिंग वेगळीच विद्या आहे, ते जमणारी माणसं ब्रिटनभरात थोडी, त्यांच्या रांगेत नंबर लावून ठेवा. काही ठिकाणी पूर्ण नवीन आतला फायरबॉक्स स्टीलचा बसवतात, स्वस्त पडतो, पण पाण्याची नीट काळजी घेतली नाही तर स्टील माफ करत नाही.

ट्यूब नवीनच घाला. जुन्या चांगल्या दिसतात म्हणून परत घालायचा मोह होतो, पण दहा वर्षांचं सर्टिफिकेट पाहिजे असेल तर सहाव्या वर्षी ट्यूब गळणं परवडत नाही. एक्स्पांडरने रुंदावून त्या प्लेटमध्ये घट्ट बसवतात. जास्त रुंदावलं तर दोन भोकांमधला प्लेटचा पूल चिरतो, म्हणून नवशिक्याने आधी भंगार प्लेटच्या तुकड्यावर सराव करायचा.

फ्यूजिबल प्लग विसरू नका. फायरबॉक्सच्या छतात बसवलेला, मध्ये शिसं भरलेला प्लग, पाणी छताखाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर येऊन ड्रायव्हरला जागं करते. हा नवीनच आणायचा.

पाण्याचा दाब

हायड्रॉलिक टेस्टला बॉयलर काठोकाठ पाण्याने भरतात, सगळ्यात वरच्या भोकातून हवा पूर्ण निघेपर्यंत. हे का, तर पाणी दाबलं जात नाही, काही फुटलं तर एक शिंतोडा उडून दाब शून्यावर येतो, पण आत हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दाबून बसते आणि फुटताना तुकडे फेकते. सेफ्टी व्हॉल्व्ह घट्ट पिळून बंद करायचे नाहीत, काढून त्या जागी झाकणं बोल्ट करायची. पाणी कोमट घ्या, बर्फासारखं गार पाणी भरलं की बाहेरून सगळ्या बॉयलरला घाम सुटतो आणि गळती कुठली, घाम कुठला काही कळत नाही.

आकडा इन्स्पेक्टर सांगेल तो, सहसा कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे आपल्या इंजिनाला 255 पौंड. हातपंपाने टप्प्याटप्प्याने चढवायचा, प्रत्येक टप्प्याला थांबून फिरायचं. फायरबॉक्सच्या छताखाली आधीच मोजमापाची पट्टी लावून ठेवायची: दाबाआधी किती, दाबाखाली किती, दाब उतरल्यावर परत मूळ जागी आलं का. परत आलं नाही तर प्लेट कायमची वाकली, टेस्ट नापास. चार-दोन ट्यूब ओलसर दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, दाब उतरवून परत एक्स्पांडर फिरवायचा.

खालचा भाग

बॉयलर वर्कशॉपला गेलेला असतो तेवढ्या काळात बाकी टीमने चेसिस संपवायचं, हे वेळापत्रक जमलं तर अर्धी लढाई जिंकलात.

ऑस्टेरिटीचे सिलिंडर आत असल्यामुळे मधला ॲक्सल वेडावाकडा, क्रँकचा (कोपरासारखा वळवलेला) असतो. त्याच्या वेबजवळ (क्रँकच्या दोन बाजूंच्या जाड पट्ट्या) चिरा पडतात, म्हणून इतर काही करायच्या आधी तो अल्ट्रासॉनिक आणि चुंबकीय तपासणीतून काढा. तो नापास झाला तर सगळं बजेट नव्याने मांडावं लागतं.

टायर, म्हणजे चाकावर चढवलेलं पोलादी कडं, झिजून कडेला धार आलेली असते. जाडी शिल्लक असेल तर व्हील लेथवर परत आकार देतात. नसेल तर नवीन, आणि ते बसवायची पद्धत गावात लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव बसवतो अगदी तीच, कडं तापवून फुगवायचं, चाक त्यात सोडायचं आणि गार होऊ द्यायचं. फरक एवढाच की इथे माप व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतकं कमी ठेवतात आणि मायक्रोमीटर घेऊन बसतात.

ॲक्सलबॉक्स (ॲक्सलच्या बेअरिंगची पेटी), हॉर्न (ती पेटी फ्रेममध्ये ज्यांत वरखाली सरकते ते खांब), ब्रेकगिअरच्या पिना, स्प्रिंग यांची झीज मोजून टेबल करा. हॉर्नच्या फटी दोन-दोन सूत वाढलेल्या सापडतात, खाणीतल्या रुळावर राबलेलं इंजिन आहे, आश्चर्य नाही. मात्र दुरुस्त करताना एकेक चाक वेगळं धरून चालत नाही. फ्रेममध्ये तार ताणून सिलिंडरची मध्यरेषा काढायची आणि सगळे ॲक्सल त्या रेषेला काटकोनात येतील असे हॉर्न घासायचे. जोडदांड्यांची लांबी आणि ॲक्सलमधलं अंतर जुळलं नाही तर इंजिन फेरीगणिक कचकचतं आणि बुश (दांड्याच्या भोकात बसवलेली बेअरिंगची नळी) खात राहतं.

सिलिंडर लंबगोल झालेला असतो, बोअर करून गोल करतात, पिस्टन रिंग त्या मापाच्या. स्लाइड व्हॉल्व्ह (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारी सरकती झडप) ज्या पृष्ठभागावर घसरतो तो निळा रंग लावून, टेकणारे उंचवटे बघून, स्क्रेपरने हाताने सपाट करतात. कंटाळवाणं काम आहे पण संध्याकाळी रेडिओ लावून बसलं की छान जातं.

व्हॉल्व्ह सेटिंग

यावर थोडं सविस्तर, कारण हे काम लोकांना जादू वाटतं आणि तसं काही नाहीये. वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंना, आपापल्या फेरीच्या सारख्याच टप्प्यावर मिळायला हवी. त्यासाठी पिस्टन अगदी टोकाला, डेड सेंटरला, कधी असतो ते नेमकं माहीत हवं. पण टोकाजवळ चाक बरंच फिरलं तरी पिस्टन जेमतेम हलतो, त्यामुळे डोळ्याने बघून ते सापडतच नाही.

युक्ती अशी. दोन्ही टोकांना अणी असलेली पोलादी सळई घ्या, तिला ट्रॅमल म्हणतात. फ्रेमवर एक पंचाची खूण करा. चाक हळूहळू फिरवत पिस्टन टोकाच्या थोडा अलीकडे आणा, थांबा. क्रॉसहेड (पिस्टनच्या दांड्याचं टोक धरून सरकणारा ठोकळा) जिथे आहे तिथे स्लाइडबारवर (तो ज्यावर सरकतो ती पट्टी) बारीक रेघ मारा. आता ट्रॅमलचं एक टोक फ्रेमच्या खुणेत ठेवून दुसऱ्याने चाकाच्या कडेवर रेघ ओढा. चाक पुढे फिरवा, पिस्टन टोकाला जाऊन परत यायला लागेल, क्रॉसहेड त्याच बारीक रेघेवर आलं की थांबा आणि चाकावर पुन्हा ट्रॅमलची रेघ ओढा. या दोन रेघांच्या बरोब्बर मध्ये पंच मारा. ट्रॅमल त्या पंचात बसेल असं चाक फिरवलं की पिस्टन डेड सेंटरला. अशा चार जागा काढायच्या, दोन्ही सिलिंडर, पुढचं आणि मागचं टोक. चाक नेहमी एकाच दिशेने आणायचं, मागे-पुढे केलं की बुशातली ढिलाई मापात शिरते.

मग प्रत्येक जागी व्हॉल्व्हने पोर्ट (वाफ आत जायची खाच) किती उघडलाय ते फीलर गेजने मोजून वहीत मांडायचं आणि पुढचं-मागचं सारखं येईपर्यंत व्हॉल्व्हच्या दांड्यावर त्याची जागा सरकवायची. ऑस्टेरिटीला स्टीफन्सन गिअर (व्हॉल्व्ह हलवणारी दांड्यांची रचना) आहे, त्यात रिव्हर्सर (पुढे-मागे दिशा ठरवणारा दांडा) मध्याकडे आणला की उघडीप बदलते, म्हणून पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि रोज जिथे चालवणार तिथे असं तीन ठिकाणी बघा. सगळीकडे परफेक्ट येणार नाही, चालवणार तिथलं सगळ्यात बरं ठेवा.

जोडणी आणि पहिली आग

बॉयलर परत बसवताना मघाची गोष्ट. 170 पौंडाला आतलं तापमान जवळपास 190 अंश सेल्सियस असतं, एवढ्या तापमानाला बॉयलर लांबीत अंदाजे तीनेक सूत वाढतो. पुढे तो सिलिंडरला जखडलेला, त्यामुळे सगळी वाढ मागे सरकते. मागचे आधार रंगाने चिकटलेले असतील, कॅबची प्लेट बॉयलरला टेकत असेल किंवा एखादा पाइप सरळसोट ताठ बसवला असेल तर काहीतरी तुटणार. आधारांना ग्रीस लावा, पाइपला वळण ठेवा.

खाणीतल्या बहुतेक इंजिनांना वाफेचा ब्रेक आणि हँडब्रेक एवढंच असतं. प्रवासी डबे ओढायचे असतील तर व्हॅक्यूम ब्रेकचा इजेक्टर (ब्रेकच्या पाइपातली हवा वाफेने ओढून काढणारा) बसवावा लागेल, त्याची जागा आणि पाइप आताच ठरवा, टाकी चढवल्यावर तिथे हात पोचत नाही.

तेलाचे कप भरायच्या आधी त्यातली लोकरीची वात नवीन करा. तांब्याच्या तारेवर लोकरीचे धागे गुंडाळायचे, एक टोक तेलात आणि एक नळीत, तेल हळूहळू चढून बेअरिंगवर ठिबकतं. धाग्यांची संख्या चुकली की बेअरिंगला तेल कमी पडतं, नाहीतर जास्त वाहून जातं आणि दुपारपर्यंत कप रिकामा. सिलिंडरचं तेल वेगळं, जाड, वाफेत टिकणारं, ते आणि मोशनचं (हलणाऱ्या दांड्यांचं) तेल एकमेकांत घालायचं नाही.

पहिली आग छोटी. लाकडं, थोडा कोळसा, आणि दिवसभर नुसतं कोमट करायचं, वाफ करायची घाई नाही. दुसऱ्या दिवशी थोडा दाब, उतरवा, नट परत ताणा (दाब शून्य असताना, दाबाखाली पाना लावायचा नाही). कोळसा ही आता वेगळी डोकेदुखी झालीये, वेल्समधली फॉस-ई-फ्रान खाण 2023च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाल्यापासून चांगला वेल्श कोळसा मिळत नाही, बाहेरून आणलेला किंवा दाबून केलेल्या गोळ्यांचा कोळसा वापरावा लागतो आणि प्रत्येकाची आग वेगळी धरावी लागते.

दाब चढला की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही काचा तपासा. वॉटर गेजचे कॉक उघडझाप केल्यावर पाणी झटकन परत यायला हवं, सुस्तपणे आलं तर वाट तुंबलेली आहे. मग इंजेक्टर. चालत नसेल तर आधी पाणी येतंय का, मग पाण्याच्या पाइपात कुठे हवा ओढली जातेय का, आणि ऑस्टेरिटीचं खास दुखणं म्हणजे टाकीतलं पाणी तापलंय का हे बघा. टाकी बॉयलरवरच बसलेली, उन्हाळ्यात उभं राहून पाणी इतकं गरम होतं की इंजेक्टर ते उचलतच नाही. सकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवा आणि दुपारी परत गार पाणी घ्या.

इन्स्पेक्टरसमोर सेफ्टी व्हॉल्व्ह 170 पौंडाला उघडतात का बघतात, मग आग पूर्ण रसरशीत करून, ब्लोअर (आगीला ओढ देणारा चिमणीतला वाफेचा झोत) लावून, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद ठेवून व्हॉल्व्ह सगळी वाफ बाहेर टाकू शकतात का ते तपासतात. दाब दहा टक्क्यांपेक्षा वर चढता कामा नये, म्हणजे 187च्या आत. आवाज कान फाडणारा असतो, कानात बोळे घाला आणि शेजारच्या घरांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

रुळावर

सुरुवातीला डबा जोडू नका. सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवून हळू हलवा, आत साचलेलं पाणी निघू दे, ते अडकलं तर सिलिंडरचं झाकण उडू शकतं. चालण्याच्या वेगाने यार्डात मागेपुढे, थांबून, ब्रेक आवळून, उतरून प्रत्येक ॲक्सलबॉक्सला आणि बिग एंडला (कनेक्टिंग दांड्याचं क्रँककडचं बेअरिंग) हाताची मागची बाजू टेकवा. कोमट चालेल, हात ठेवता येत नसेल तर तिथेच दिवस संपला, वात बघा, बेअरिंग काढून बघा. असं करत अंतर वाढवा, मग एक रिकामा डबा, मग दोन. इथल्या हेरिटेज रेल्वेवर वेग ताशी 25 मैलांच्या आतच असतो, त्यामुळे पळवून बघायचा मोह तसाही भागत नाही.

पहिला वॉशआउट मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता लवकर करा. नेहमी साधारण महिन्याभराच्या कामानंतर करतात, पाणी किती जड आहे त्यावर, पण नवीन बॉयलरमध्ये कापकामाचा चुरा, गंज, ट्यूबवरचं तेल असं बरंच काही फिरत असतं. बॉयलर पूर्ण गार झाल्यावर सगळे प्लग काढा, कुठला प्लग कुठल्या भोकाचा ते लिहा, जोराच्या पाण्याने वरून खाली धुवा आणि फाउंडेशन रिंगच्या कोपऱ्यांत सळई घालून गाळ ओढून काढा. निघालेला गाळ बादलीत घेऊन बघा. लालसर पाणी म्हणजे गंज, पाण्यातली औषधं बदलायला हवीत. पांढरे खवले म्हणजे क्षार. धातूचे चकचकीत कण दिसले तर ते पिशवीत घालून बॉयलरवाल्याला दाखवा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत परत आग पेटवू नका.